समुद्रघोडे आणायच्या आधी एवढं वाच

प्रिय मित्रा,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी ऑफिसमधून निघत होतो, नीट बोलताच आलं नाही, आणि लेकीला वाढदिवसाला समुद्रघोड्यांची जोडी द्यायची म्हणतोय असं तू इतकं सहज बोललास की माझ्या डोक्यातून ते जाईना, म्हणून आज सकाळी चहा घेऊन टँकसमोरच बसलोय आणि सगळं सविस्तर लिहितोय. लांबलचक होणार आहे. पण पूर्ण वाच, आणि वहिनींनाही वाचायला दे, कारण रोज खायला घालायचं काम शेवटी घरातल्या सगळ्यांवर येतं.

मला सुरुवातीला कोणीच न सांगितलेली गोष्ट म्हणजे समुद्रघोड्याला जठरच नसतं. दातही नाहीत. तोंड म्हणजे एक नळी, तिच्यातून खाणं आत ओढतो, ते आतड्यातून भराभर पुढे सरकतं आणि बरंचसं अर्धवट पचलेलंच बाहेर पडतं. म्हणून त्याला दिवसातून दोनदा तरी खायला लागतं, जमलं तर तीनदा. आता यातून पुढचं कसं निघतं बघ: खाणं जास्त म्हणून घाण जास्त, घाण जास्त म्हणून बॅक्टेरिया जास्त, आणि पाणी गरम असलं की तेच बॅक्टेरिया, त्यातही व्हिब्रिओ नावाचे, झपाट्याने वाढतात. बाकीचे मासे थोडंफार चालवून घेतात, समुद्रघोडा नाही चालवून घेत. मी आतापर्यंत जे जे शिकलो ते सगळं या एकाच साखळीभोवती फिरतं.

आणि ते मी कसं शिकलो तेही सांगतो. तीन वर्षांपूर्वीचा जुलै, आम्ही तीन दिवस बाहेर गेलो होतो, शेजारचा मुलगा येऊन खायला घालत होता, त्याने त्याचं काम अगदी मनापासून केलं, पण मधेच आमचा एसी बंद पडला आणि ते त्याच्या लक्षात यायचं काही कारणच नव्हतं. परत आलो तर टँकचं पाणी ८३ फॅरनहाइट, म्हणजे २८ सेल्सिअसच्या वर. बाहेरून सगळं ठीक दिसत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी नर खायला पुढे आला, मायसिस म्हणजे ती छोटी कोळंबी समोर तरंगतेय, त्याने नेम धरला आणि तोंड मारलं पण त्यात जोरच नव्हता, खाणं जागचं हललंसुद्धा नाही. एरवी ते खातात तेव्हा काचेबाहेर बारीक 'टक्' असा आवाज ऐकू येतो रे, खोलीत शांतता असली की स्पष्ट येतो. त्या दिवशी आवाज नव्हता. मग नीट बघितलं तर शेपटीचं टोक पांढरं पडलेलं आणि कल्ले भरभर उघडझाप करतायत. वेगळ्या छोट्या टँकमध्ये हलवला, पाणी हळूहळू ६८ वर आणलं, माशांचं बघणाऱ्या व्हेटकडून अँटिबायोटिक आणलं, सगळं केलं. पाचव्या दिवशी गेला. मादी वाचली, ती अजून आहे, आत्ता लिहितोय तेव्हा समोर प्लॅस्टिकच्या गवताला शेपटीचा वेढा घालून बसलीय आणि एक डोळा माझ्याकडे, दुसरा मागे गोगलगाईकडे. दोन्ही डोळे वेगवेगळे फिरतात त्यांचे.

म्हणून तू डॅलसला असल्यामुळे मला सगळ्यात जास्त काळजी तापमानाचीच आहे. ६८ ते ७४ फॅरनहाइट, म्हणजे २० ते २३ सेल्सिअस, याच्या वर जाऊच द्यायचं नाही. पंपांची उष्णता पाण्यातच उतरते, त्यामुळे खोलीपेक्षा टँक नेहमी थोडा गरम असतो. इकडे न्यू जर्सीत मी पाण्यावर फिरवलेल्या छोट्या पंख्यांवर उन्हाळा काढतो, पाण्याची वाफ होते आणि दोन-तीन डिग्री उतरतात, पण तुमच्याकडच्या ऑगस्टमध्ये पंख्याचं काम नाही, सरळ चिलर, म्हणजे टँकचं पाणी गार करणारं मशीन, घे. महाग आहे, माहितीये. चिलरचं बजेट नसेल तर समुद्रघोडे पुढच्या वर्षी आण, पण चिलरशिवाय आणू नकोस. आणि वाफेने पाणी कमी झालं की वरून गोडं आरओचं पाणी घालायचं, खारं नाही, कारण मीठ उडून जात नाही, ते आतच राहतं. हे माझ्याकडून पहिल्या महिन्यात चुकलं होतं आणि खारटपणा चढतच गेला.

टँक उंच हवा, आडवा पसरट नको. माझा ३७ गॅलनचा उभा आहे, साधारण २२ इंच उंचीचा, एका जोडीला पुरतो. उंची लागते कारण ते उभे पोहतात, नर-मादी जोडीने नाचत वर जातात आणि वरच मादी नराच्या पिशवीत अंडी सोडते. उथळ टँकमध्ये त्यांना अंगात किंवा पिशवीत हवेचे बुडबुडे धरायचा त्रास जास्त होतो असं पाळणारे बरेच जण सांगतात. टँक भरल्यावर लगेच मासे टाकायचे नाहीत, सायकल व्हायला, म्हणजे घाण पचवणारे चांगले बॅक्टेरिया टँकमध्ये तयार व्हायला, चार ते सहा आठवडे जातात, अमोनिया शून्य आणि नायट्राइट शून्य आल्याशिवाय ऑर्डरच द्यायची नाही. वाढदिवस कधीये? सप्टेंबरात ना? मग त्या दिवशी तिला भरलेला टँक दाखव, घोडे नंतर येऊ देत, ती समजून घेईल, पोरं घेतात.

आत काय ठेवायचं तर धरायला जागा. पाठीवरचा एवढासा पंख सेकंदाला ३५ वेळा वगैरे फडफडवतात तेव्हा कुठे थोडे पुढे सरकतात, त्यामुळे दमले की शेपटीने काहीतरी पकडून बसायला लागतं. खोटं गवत, कॉलर्पासारखं शेवाळ, काहीही चालेल. पॉवरहेडला, म्हणजे पाणी फिरवणाऱ्या पंपाला, आणि हीटर असला तर त्यालाही जाळी हवीच, नाहीतर शेपटी तिथे गुंडाळतील. ॲनिमोनी (समुद्रफूल) आणि डंख मारणारे कोरल अजिबात नको, आणि तिला कितीही आवडला तरी क्लाउनफिश नको, तो खाणं आधी पळवतो आणि हे उपाशी राहतात. गोगलगाई चालतात, एखादा शांत छोटा गोबी मासा चालतो. बास.

आता खायला घालणं, हा माझा सगळ्यात आवडता भाग. फ्रोझन मायसिसचा क्यूब चहाच्या गाळण्यात ठेवून गार पाण्याखाली विरघळवायचा, वरचं गढूळ पाणी पूर्ण जाऊ द्यायचं कारण टँक तेच घाण करतं, मग आठवड्यातून काही वेळा थोडं व्हिटॅमिन लावायचं. टँकमध्ये मी एक मोठा शिंपला ठेवलाय, गुहागरच्या किनाऱ्यावरचा, आईने दिलेला, तो चांगला उकळून घेतला होता. त्यातच काचेच्या नळीने मायसिस सोडतो. पहिले पंधरा दिवस त्यांना कळलं नाही, नंतर नळी हातात घेतली की दोघं शिंपल्याच्या कडेला येऊन बसायचे. मान तिरकी करतात, कोंबडी दाणा बघते तशी, बराच वेळ एकाच दाण्याकडे बघत राहतात आणि मग टक्. वीस-पंचवीस मिनिटांनी शिंपल्यातलं उरलेलं सगळं ओढून काढायचं, स्वयंपाकघरातला तो मोठा रबरी ड्रॉपर असतो ना टर्कीचा, त्याने. हे एक दिवसही चुकवायचं नाही. गवताच्या बुडाशी खाणं अडकतं, तेही दर आठवड्याला पाणी बदलताना हलवून साफ करायचं, मी १५ टक्के बदलतो.

आणि रोज खाताना त्यांच्याकडे खरंच बघायचं. आवाज येतोय का, नेम चुकतोय का, कल्ले किती जोरात चालतायत, शेपटीचं टोक कसं आहे, उलटा तरंगतोय का. आजार कळायला दुसरी कुठली वेळ नाहीये.

विकत घेताना फक्त कॅप्टिव्ह-ब्रेड घे, म्हणजे टँकमध्येच जन्मलेले आणि फ्रोझन खायला शिकलेले. इरेक्टस जात घे, ती मूळची इकडच्याच अटलांटिक किनाऱ्याची आहे, आमच्या न्यू जर्सीच्या खाडीतसुद्धा सापडते, आणि नवशिक्यांना सगळ्यात सोपी. समुद्रातून पकडलेले घोडे जंत घेऊन येतात, फ्रोझनला तोंड लावत नाहीत आणि तसेच झुरून मरतात, शिवाय समुद्रातले आधीच कमी होत चाललेत. २००४ पासून त्यांचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स (CITES) या वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या नियमांखाली आहे तो उगाच नाही.

हो, आणि तू म्हणालास ना की रत्नागिरीचा तुझा चुलतभाऊ पण विचारतोय, त्याला स्पष्ट नाही सांग. भारतात २००१ मध्ये समुद्रघोडे वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल वनमध्ये, वाघाच्या यादीत, घातले, घरी ठेवणं हा गुन्हाय. आठवतंय का, मिरकरवाडा बंदरावर जाळी झटकताना खाली पडलेला तो वाळका समुद्रघोडा, आपण किती दिवस कंपासपेटीत ठेवला होता? तेव्हा कळत नव्हतं काही. कोणी दुकानदार त्याला 'मिळेल' म्हणाला तर तो घोडा जाळ्यातलाच असणार.

एक शेवटचं, नराचं पोट फुगलं तर लगेच घाबरू नकोस, गरोदर असू शकतो. साधारण तीन आठवड्यांनी एका रात्रीत शेकडो पिल्लं टाकतो, एकेक सेंटिमीटरभर, आईबापाची हुबेहूब नक्कल. त्यांना ताजी उबवलेली आर्टेमिया, म्हणजे कोळंबीसारखे अगदी बारीक जीव, दिवसातून कितीतरी वेळा लागते आणि तरी बहुतेक जगत नाहीत, हे लेकीला आधी सांगून ठेव. पण पोट फुगून तो वरच तरंगत राहिला, खाली येताच येईना, तर ती पिशवीतली हवा, तेव्हा मला रात्री दोनला फोन केलास तरी चालेल.

चिलर बघितलास की मॉडेलची लिंक टाक, मी बघून सांगतो. अमोनिया शून्य आला की फोटो पाठव. आणि आईने दोन शिंपले दिले होते, दुसरा मी काल उकळून वाळत ठेवलाय, या आठवड्यात तुझ्या लेकीच्या नावाने पोस्ट करतो.

तुझाच