शिकवणारे कोण, हेही फलकावर हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावीतल्या मुलीसाठी गणिताची शिकवणी शोधताना मुलुंड-भांडुप परिसरातल्या अनेक फलकांवर गुणवंतांची छायाचित्रे आणि टक्केवारी दिसली. पण शिकवणारे कोण, त्यांचे शिक्षण आणि अनुभव किती, हे कुठेच नव्हते. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार शिकवणी वर्गातील शिक्षक किमान पदवीधर असावेत आणि त्यांची पात्रता वर्गाच्या संकेतस्थळावर द्यावी, अशी अपेक्षा आहे. मात्र या सूचना ५० पेक्षा अधिक विद्यार्थ्यांच्या वर्गांनाच लागू असल्याने सोसायट्या-चाळींतल्या छोट्या शिकवण्या त्याबाहेर राहतात, आणि आमच्यासारख्या बहुतेक पालकांचा संबंध याच शिकवण्यांशी येतो.

अखेर ज्या बाईंकडे मुलगी जाऊ लागली, त्यांनी आम्ही न विचारताच आपले बी.एस्सी., बी.एड. आणि शाळेतला अनुभव सांगितला. त्याहून महत्त्वाची वाटली ती त्यांची पद्धत. वर्गसमीकरणाचे उदाहरण चुकले, तेव्हा त्यांनी फुली मारली नाही, जिथे चिन्ह बदलायचे राहिले होते, त्या ओळीखाली पेन्सिलने बारीक टिंब दिले आणि म्हणाल्या, "इथपासून मला समजावून सांग." सांगता सांगता मुलीला स्वतःची चूक सापडली. तिच्या चेहऱ्यावरचा तो आनंद मी दारातून पाहिला.

शिक्षकाची पात्रता आणि शिकवण्याची पद्धत प्रवेशापूर्वी लेखी देणे राज्य शासनाने छोट्या शिकवण्यांनाही बंधनकारक करावे, ही कळकळीची विनंती.

– एक पालक, मुलुंड (पूर्व), मुंबई