आकड्यासोबत तासही छापा

संपादक महोदय,

दिवाळीच्या सुट्टीत नेपाळमधल्या अन्नपूर्णा परिसरात ट्रेकला जाणारी मराठी मंडळी बरीच आहेत. नेमक्या त्याच सुमारास तिथल्या डोंगरधारेवरून स्टेप ईगल हे स्थलांतर करणारे गरुड पूर्वेकडून पश्चिमेकडे जात असतात. परतल्यावर 'एका दिवसात शेकडो गरुड' असा मजकूर पुरवण्यांत आणि समाजमाध्यमांवर येतो. त्यातला आनंद खरा असतो, फोटोही सुरेख असतात. पण किती तास पाहिले आणि किती जणांनी पाहिले, हे त्यात कुठेच नसते. मग तो आकडा कशाशीही ताडून पाहता येत नाही.

पोखऱ्याच्या वायव्येला, ऑस्ट्रेलियन कॅम्प या ट्रेकच्या मुक्कामाजवळ, साधारण 2,000 मीटर उंचीवर ठुलाखर्क हे गणनेचे ठिकाण आहे. तिथे 2012 पासून शरद ऋतूत शिकारी पक्षी मोजले जाऊ लागले. त्या परिसरात 1985 सालीही गणना झाली होती. सर्वाधिक संख्या स्टेप ईगलची, आणि त्यांचा भर नोव्हेंबरच्या पूर्वार्धात. 2015 पासून हा गरुड आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संस्थेच्या लाल यादीत संकटग्रस्त म्हणून नोंदलेला आहे. मंगोलिया, कझाकस्तानच्या अफाट माळांवर जाऊन घरटी मोजणे फार अवघड. त्यापेक्षा सगळे ज्या वाटेने जातात तिथे बसून मोजणे शक्य होते. म्हणूनच ही मोजणी काटेकोर हवी.

पद्धत साधी आहे, फक्त ती पाळावी लागते. उभे आहोत तिथून उत्तर-दक्षिण एक रेषा मनाशी धरायची. पूर्वेकडून येऊन ती ओलांडणारा पक्षीच मोजायचा. परत फिरला तर वजा करायचा. हिमालयीन गिधाडे, घारी, काळा गरुड यांतले बरेच पक्षी तिथलेच असतात आणि दिवसभर त्याच उतारावर घिरट्या घालतात. रेषेचा नियम सोडला तर दहा गिधाडांची संध्याकाळपर्यंत पन्नास होतात.

ऊन तापले की गरम हवेचा झोत वर उठतो आणि त्यात गरुड गोल गोल चढू लागतात. नवखा माणूस इथेच मोजायला लागतो आणि चुकतो, कारण पक्षी एकमेकांच्या आड जातात आणि खालून नवे येऊन मिसळतात. झोताच्या माथ्यावर पोहोचले की पंख जरासे आवळून ते एकामागून एक पश्चिमेकडे घसरत निघतात. मोजायचे ते तेव्हा, हातातल्या क्लिकरवर, म्हणजे बटण दाबून मोजायच्या यंत्रावर, एका पक्ष्याला एक टिचकी. निरभ्र निळे आकाश सर्वांत फसवे. पांढऱ्या ढगापुढे लांबचा गरुडही उठून दिसतो, पण निळ्यात तो अगदी डोक्यावर असला तरी निसटतो. त्यामुळे दर काही मिनिटांनी दुर्बिणीने थेट माथ्यावरचे आकाशही पिंजून काढावे लागते. 8 बाय 42 किंवा 10 बाय 42 ची (आठ किंवा दहा पट मोठे दाखवणारी, 42 मिलिमीटर भिंगाची) दुर्बीण पुरते. स्पॉटिंग स्कोप, म्हणजे तिवईवरची एकनळी दुर्बीण, लागतो तो लांबच्या पक्ष्याची ओळख पटवायला. शोध घ्यायला त्याचा उपयोग नाही, कारण त्याच्या चिंचोळ्या चौकटीत आकाश मावत नाही.

वयाची नोंद बहुतेक जण सोडून देतात, याचे फार वाईट वाटते. यंदा जन्मलेल्या स्टेप ईगलच्या पंखांखाली लांबच्या लांब पांढरा पट्टा असतो. पूर्ण वाढलेल्यात तो नसतो. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या हॉक माउंटनवर 1934 पासून गणना चालते. तिथे दिसणाऱ्या बाल्ड ईगलमध्ये 1935 ते 1939 दरम्यान 40 टक्के तरुण पक्षी होते, 1955 ते 1959 मध्ये 20 टक्केच उरले. डीडीटी या कीटकनाशकामुळे नवी पिल्ले तयार होत नाहीत, या युक्तिवादाला या नोंदींचा मोठा आधार मिळाला. नुसती एकूण संख्या लिहिली असती तर हे कळलेच नसते.

ओळख पटली नाही तर 'अनोळखी गरुड' लिहावे. अंदाजाने नाव ठोकून दिलेली नोंद रिकाम्या रकान्यापेक्षा घातक असते. तक्ता तासातासाचा हवा: वाऱ्याची दिशा, ढग किती, कुठवर दिसते, निरीक्षक किती. दुपारी धारेवर ढग उतरले की गरुड दिसेनासे होतात. ते कमी झाले असे नव्हे, वाट बदलून जात असतात. ढगाची नोंद नसेल तर पुढे तक्ता पाहणाऱ्याला हा फरक कळणार नाही. दोन जोडी डोळ्यांपेक्षा पाच जोडी डोळ्यांना जास्त पक्षी सापडतात, म्हणून माणसांची संख्या रोज सारखी ठेवावी. आणि ज्या तासात एकही पक्षी गेला नाही तिथे शून्य लिहावे. रकाना मोकळा सोडला तर त्या वेळी कोणी पाहत होते की जेवायला गेले होते, हे सांगता येत नाही. शून्याचे तास गाळले की ताशी सरासरी फुगते आणि खरी घट झाकली जाते.

आपल्या वार्ताहरांना विनंती, असा मजकूर हाती आला की ठिकाण, तारीख, किती ते किती वाजेपर्यंत पाहिले आणि निरीक्षक किती, एवढे विचारून घ्यावे आणि आकड्याच्या शेजारीच छापावे. जागेची अडचण असेल तर एक फोटो कमी करावा. ट्रेकला जाणाऱ्यांनी अर्धा दिवसच दिला तरी चालेल, मात्र सुरुवातीची आणि शेवटची वेळ घड्याळ पाहून लिहावी आणि नोंद ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकताना एका जागेवरून केलेले निरीक्षण म्हणून टाकावी. 'पुष्कळ' या अर्थी नुसती फुली मारू नये. मोजलेला आकडा लहान असला तरी तोच लिहावा.

– एक पक्षीनिरीक्षक, नाशिक