मानांकन मिळाले, पण माल कुठला?

महोदय,

गोव्याच्या एखाद्या जिन्नसाला भौगोलिक मानांकन (जीआय), म्हणजे त्या प्रदेशातल्या मालालाच ते नाव लावण्याचा हक्क, मिळाले की वृत्तपत्रांतून त्याचे कौतुक होते आणि ते योग्यच आहे. २००९ मध्ये काजूच्या फेणीपासून सुरू झालेल्या या यादीत आज खोल्याची आणि हरमलची मिरची, मयड्याची केळी, आगशीची वांगी, मानकुराद आंबा, बेबिंका हे थरांचे गोड पक्वान्न, इतकेच काय, जत्रेतले खाजेसुद्धा आहे. अवघ्या ३,७०२ चौरस किलोमीटरच्या राज्याला ही कमाई थोडी नाही.

मात्र भौगोलिक मानांकनाच्या १९९९ च्या कायद्याप्रमाणे नाव नोंदवून काम संपत नाही. ते नाव हक्काने वापरण्यासाठी उत्पादकाला अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची वेगळी नोंदणी करावी लागते. बेसनाच्या कांड्या तळून त्या आले घातलेल्या गुळाच्या पाकात घोळवणारा आणि या जत्रेतून त्या जत्रेत फिरणारा खाजेकार हे अर्ज कधी आणि कोणाकडून भरून घेणार, याचा विचार झालेला दिसत नाही. (फेणीला राज्याने २०१६ मध्ये वारसा पेयाचा दर्जा दिला; खाजेकाराला निदान जत्रेत डोक्यावर छप्पर असलेली जागा मिळायला हरकत नसावी.)

सर्वांत मोठा घोळ काजूचा आहे. आफ्रिकेतून आलेल्या बियांचे गर गोव्याच्या नावावर विकले जातात, ही स्थानिक प्रक्रियादारांची जुनी तक्रार असून काजूगराला मानांकन घेण्यामागे तेही एक कारण होते. परंतु पुण्या-कोल्हापूरहून आलेला पर्यटक परतीच्या घाईत किनाऱ्यालगतच्या दुकानात शिरतो, तेव्हा पाकिटावरचे नारळाचे झाड आणि किंमत एवढेच पाहतो; बी कुठल्या बागायतीतली, हे त्याला कळण्याची सोयच नसते. बी कोठून आली हे प्रत्येक पाकिटावर ठळक मराठी, कोकणी व इंग्रजीत छापणे सक्तीचे करावे आणि पर्यटन हंगामात दुकानांची तपासणी व्हावी.

दुसरी गोष्ट जमिनीची. खोल्याची मिरची दक्षिण गोव्यातील काणकोण तालुक्याच्या डोंगर उतारावर पावसाच्या पाण्यावर होते. तो उतार कापून तिथे बंगले उभे राहिले, तर मानांकनाचा कागद राहील आणि मिरची जाईल. तेव्हा ज्या गावाच्या नावाने मानांकन घेतले, तिथल्या लागवडीखालील जमिनीचे रूपांतर करण्यापूर्वी कृषी खात्याचे मत घेणे बंधनकारक असावे.

म्हापशाचा शुक्रवारचा बाजार आणि पावसाळ्याच्या बेगमीसाठी मे महिन्यात भरणारे पुरुमेंताचे फेस्त, इथे हे उत्पादक आपणहून येतात. कृषी खात्याने तिथेच एक टेबल मांडून त्यांचे अर्ज भरून घ्यावेत आणि नोंदणी झालेल्यांना बसण्यासाठी ठळक फलक लावलेली वेगळी रांग द्यावी, अशी विनंती आहे.

— एक वाचक, फोंडा (गोवा)