कोपर वाकव, बाबा

बॉथेल, २४ मार्च २०२६

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

पाडव्याला डेकवर गुढी उभारली आणि तासाभरात पाऊस आला. मी छत्री धरून गुढीशेजारी उभं राहावं की नाही, यावर घरात थोडी चर्चा झाली. शेवटी गाठी तेवढ्या आत आणल्या आणि आईची इरकल भिजू दिली. आता येत्या गुरुवारी दुसरा पाडवा. क्लीव्हलँड येतंय, आपल्या सिएटल मरिनर्सचा ओपनिंग डे, बेसबॉलच्या हंगामाचा पहिला दिवस. स्टेडियमवर निदान छप्पर तरी ओढता येतं.

हे व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं, पण मेसेज जरा मोठा दिसला की तू नुसता अंगठा पाठवतेस. म्हणून कागद. शिवाय एक गोष्ट पाच महिने राहून गेली आहे आणि ती मला फोनवर बोलायला जमायची नाही.

२० ऑक्टोबरच्या रात्री आपण टोरांटोकडून हरलो, तू तिथून फोन केलास आणि मी उचलला नाही. आईने तुला सांगितलं, बाबा झोपले. इथे तेव्हा नऊही वाजले नव्हते, तेव्हा ते तुला पटलं नसणारच. मी गॅरेजमध्ये होतो. रिसायकलिंगचे खोके एकेक करून चपटे करत होतो. फोन खिशात थरथरत होता. काढून बघितला, तुझं नाव दिसलं, परत ठेवला. तुझ्या मागे टोरांटोची पोरं ओरडत असतील आणि तो आवाज मला तुझ्या फोनमधून ऐकू येईल, याची भीती वाटली. एवढंच कारण. तुझ्यावर राग नव्हता. मग आणखी दोन खोके चपटे केले. त्यातला एक रिकामा नव्हता, हे नंतर आईने दाखवलं.

त्या सातव्या इनिंगबद्दल तू मला नंतर कधी विचारलं नाहीस, बहुतेक मुद्दामच. पण मला बोलायचंय. तीन-एकने आपण पुढे. हुलिओचा होम रन, रॅलीचा होम रन, सगळं कसं ठरल्यासारखं चाललेलं. मग आपला पिचर वू, त्याने पहिल्याच बॅटरला फुकट बेस दिला, पुढच्याने सिंगल मारली, तिसऱ्याने बंट करून, म्हणजे चेंडूला नुसती बॅट टेकवून, दोघांना पुढे सरकवलं. एक आउट, दोन माणसं बेसवर, समोर टोरांटोचा स्प्रिंगर. आपल्या मॅनेजरने, डॅन विल्सनने, वूच्या जागी बझार्डोला आणलं. स्प्रिंगरने होम रन मारला, बेसवरचे दोघे आणि तो, तीन रन. बझार्डोने वर्षभर चांगली बॉलिंग केली होती (पिचिंग म्हण, बाबा! ऐकू आलं मला), आणि क्लोजरला, म्हणजे शेवटची नववी इनिंग राखणाऱ्या पिचरला, सातव्या इनिंगमध्ये आणायची पद्धत नाही, हेही मान्य. पण वर्ल्ड सिरीज, म्हणजे फायनल, आठ आउटवर आली असताना पद्धत कसली सांभाळायची? घरात आग लागल्यावर पाहुण्यांसाठी ठेवलेली बादली काढायची नाही का? आपला क्लोजर मुन्योझ, त्याला त्या क्षणी आणलंच नाही. चार-तीन. वर्ल्ड सिरीज एकदाही न खेळलेला तीस संघांतला एकमेव संघ म्हणून आपण पुन्हा घरी.

झालं. बोललो. या वर्षी हा विषय मी पुन्हा काढणार नाही. जूनपर्यंत तरी नाही.

आता ती टोपी. डिसेंबरमधल्या तुझ्या फोटोत निळी टोपी होती आणि त्या टोपीवर टोरांटोच्या ब्लू जेजचा पक्षी होता. आईने फोटो मोठा करून बघितला, मी बघितला नाही असं दाखवलं. मनू, घाल टोपी. तू तिथे राहतेस, तिथल्या ट्रेनने कॉलेजला जातेस, त्या गावाचं काहीतरी अंगाला लागणारच. मी मिरजेचा माणूस. मला तरी इथे कुणी मरिनर्सचा म्हणून जन्माला घातलं होतं का?

तुला माहीत आहे, मी इथे आलो १९९९ मध्ये. नवं स्टेडियम त्याच जुलैत सुरू झालं होतं आणि शेजारी जुना किंगडोम अजून उभा होता. पुढच्या मार्चमध्ये तो सुरुंग लावून पाडला. ऑफिसातल्या एकाने जास्तीचं तिकीट दिलं म्हणून गेलो. दीड तासात तीन रन, आणि लोक त्यातही खूश! मी मनात म्हटलं, हे लोक एकदा सांगलीत टेनिस बॉलच्या मॅचला आणले पाहिजेत. मग २००१ मध्ये इचिरो आला. बॅटचा नुसता स्पर्श करून चेंडू दोन फिल्डरच्या मधून काढणारा तो बारीक माणूस बघितला आणि वाटलं, अरे, ही तर आपली लेट कट. त्या वर्षी ११६ मॅच जिंकलो, आजवर त्याहून जास्त कुणी जिंकलेल्या नाहीत, आणि तरी यांकीजकडून पाच मॅचमध्ये गारद. मी आईला म्हटलं, हरकत नाही, पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत तू झालीस. आणि तू वीस वर्षांची होईपर्यंत आपण एकदाही प्लेऑफला गेलो नाही. तुझा पायगुण, असं मी एकदाच म्हणालो होतो. आजी आठवडाभर माझ्याशी बोलली नव्हती.

म्हणून २०२२ ची ती अठरा इनिंगची मॅच मला हरूनही आवडते. तिसऱ्या मजल्यावरची आपली जागा, सहा तास बावीस मिनिटं, दोन्हीकडे शून्य. अकराव्या इनिंगला आईच्या दशम्या संपल्या, चौदाव्याला शेंगदाण्याची चटणी तू बोटाने पुसून खाल्लीस. शेजारच्या आजोबांनी तुझ्याकडे बघून चटणी मागितली आणि मग पंधरावी इनिंग अख्खी पाणी पीत काढली. अठराव्यात ह्यूस्टनने एक होम रन मारला आणि संपलं. बाहेर पडताना रेल्वेचा भोंगा वाजला आणि तू म्हणालीस, "बाबा, निदान गाडी तरी वेळेवर आहे."

यंदाबद्दल विचारशील तर ऐक. पोलँको मेट्सला गेला. डेट्रॉइटविरुद्ध पंधराव्या इनिंगला ज्याने आपल्याला पुढे नेलं, तो. सुआरेझ सिनसिनाटीला. दोघांचं मला वाईट वाटतंय, पण सुआरेझ तीनदा हवेत बॅट फिरवून मग एकदा चेंडू स्टँडबाहेर मारतो, आणि आपल्या मैदानावरच्या थंड, जड हवेत तो चेंडूही पुष्कळदा कुंपणापाशीच पडतो. मला चेंडूला बॅट लावणारी माणसं हवीत. नेलरला पाच वर्षांसाठी ठेवलं, हे या हिवाळ्यातलं सगळ्यात शहाणपणाचं काम. तो मिसिसागाचा, म्हणजे तुझ्यापासून गो ट्रेनच्या अंतरावरचा पोरगा. धावायला संथ, अगदी आपल्या देशपांडे काकांसारखा, आणि तरी गेल्या वर्षी त्याने तीस बेस चोरले. पाय नव्हे, डोकं. पिचर नुसता खांदा हलवतो तेवढ्यात हा निघालेला असतो. चोरटी धाव म्हणजे काय ते त्याच्याकडून शिकावं.

हुलिओला एप्रिलमध्ये शिव्या देऊ नकोस. दरवर्षी तो उशिरा जागा होतो आणि दरवर्षी आपण मे महिन्यात त्याला विकायला निघतो. पिचिंगची मला चिंता नाही. गिल्बर्ट, कर्बी, वू यांचे खांदे शाबूत राहिले तर बाकीचं निभेल.

आणि रॅली. गेल्या वर्षी साठ होम रन, तेही कॅचरने, म्हणजे आपल्या भाषेत विकेटकीपरने! जो माणूस मॅचभर उकिडवा बसून गुडघे झिजवतो त्याने. कॅचरचा आधीचा विक्रम ४८ चा होता. यंदा साठ होणार नाहीत, हे आत्ताच लिहून ठेव. चाळीस झाले तरी मी पेढे वाटीन. यंदा चेंडू स्ट्राइकच्या चौकटीत आत की बाहेर यावर अंपायरला चॅलेंज करता येणार आहे, संघाला दोन, बरोबर ठरलं तर शिल्लक राहतं. डगआउटकडे बघायचं नाही. बॅटर, पिचर किंवा कॅचर, ज्याला वाटेल त्याने तिथल्या तिथे डोक्यावर हात मारायचा. लोक म्हणतात, कॅचरची चेंडू हळूच आत ओढून अंपायरला विकायची कला आता संपली. मला नाही वाटत. विकायला जमतं त्यालाच खरा भाव कळतो. आपल्याकडे नाही का, धोनीने रिव्ह्यू मागितला की फलंदाज आधीच ग्लोव्ह्ज काढायला लागायचा!

पण साठाहून मला त्याची जुलैतली होम रन डर्बी, नुसते होम रन मारायची स्पर्धा, जास्त आठवते. त्याला चेंडू टाकायला त्याचे वडील होते आणि मागे कॅचर म्हणून पंधरा वर्षांचा धाकटा भाऊ. सगळं घर मैदानावर. वडिलांचा हात एकसारखा चालला होता, चेंडू तिथेच, तसाच, परत तिथेच. मुलगा मारतोय आणि बाप वर बघतही नाही, पुढचा चेंडू घेतोय. ते बघताना मला आपला ड्राइव्हवे आठवला. सॉफ्टबॉलच्या टीममध्ये तुझी निवड झाली होती आणि मी तुला सराव द्यायला उभा राहिलो. हात सरळ ठेवून, कानाला घासून, एक टप्पा. तू बॅट खाली ठेवलीस आणि नऊ वर्षांच्या तोंडाने मला म्हणालीस, "कोपर वाकव, बाबा." मनू, मिरजेत कोपर वाकवलं की नो-बॉल देत. फेकी म्हणून नाव पडायचं, ते मग लग्नापर्यंत जायचं नाही. अख्खा उन्हाळा गेला मला ते कोपर वाकवायला शिकायला. अजून थंडीत दुखतं.

नव्वद जिंकलो गेल्या वर्षी, म्हणजे बहात्तर हरलोसुद्धा. बहात्तर रात्री. मिरजेला मित्रांना हे सांगितलं की ते म्हणतात, इतकं हरणारा संघ आपल्या विभागात पहिला कसा? १६२ मॅचचा हिशोब त्यांना कळत नाही आणि मला आता वीस षटकांचा कळत नाही. मला विचारशील तर यंदा त्र्याण्णव जिंकू, आपला विभागही आपणच. ऑक्टोबरचं मी बोलत नाही. बोलायचं नाही म्हणजे मनात नाही असं नव्हे.

ब्लू जेज इथे येतील तेव्हा ये. तिकिटं मी काढतो, तिसऱ्या मजल्याचीच, दशम्यांचं आईशी बोलून ठेवलंय. टोपी कुठलीही घाल. फक्त स्प्रिंगर बॅटिंगला आला की मी गरम शेंगा आणायला जाईन, माझ्या मागे येऊ नकोस.

गुरुवारी मॅच संपली की फोन कर. उचलीन.

तुझा,
बाबा

ता. क. आजीला 'बिग डंपर' हे रॅलीचं टोपणनाव सांगायची चूक तू केलीस, ती मी निस्तरतोय. तिच्या डोक्यात कृष्णाकाठचा वाळूचा डंपर बसलाय. "चांगल्या घरच्या पोराला असं कशाला म्हणतात?" असं दोनदा विचारलं. नाव कशावरून पडलं ते मी काही सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस. पण परवाच्या फोनमध्ये माझ्या आधी तिनेच विषय काढला: "तुमचा डंपर सुरू झाला का रे?"