उमोजाला मदत करा, पण दरवर्षी करा

संपादक महोदय, नमस्कार.

केनियात नैरोबीच्या उत्तरेला सुमारे 300 किमीवर, आर्चर्स पोस्टजवळ उमोजा नावाचं बायकांचं गाव आहे. रिबेका लोलोसोली आणि तिच्यासोबतच्या साम्बुरू जमातीच्या बायकांनी 1990 साली ते वसवलं. पुरुषांना तिथे राहायची परवानगी नाही. ब्रिटिश सैनिकांनी बलात्कार केले असं सांगणाऱ्या आणि त्यामुळे नवऱ्यांनी घराबाहेर काढलेल्या बायका सुरुवातीला आल्या, मग मारहाण, बालविवाह, खतना यातून पळालेल्या मुली येत गेल्या. खतन्याला कायद्याने 2011 पासून बंदी आहे म्हणे, पण कायदा झाला म्हणून रात्रीत पळून आलेल्या पोरीला छप्पर कुठून मिळणार?

या बायका मण्यांचे दागिने विकतात, नदीकाठी टुरिस्टांसाठी कॅम्पसाइट चालवतात, स्वतःची शाळाही उभी केलीय. म्हणजे सगळा संसार टुरिस्टांच्या जिवावर, आणि कोविडमध्ये टुरिस्ट थांबले, त्यात पाठोपाठ दुष्काळ, पाऊसच पडेना, त्या भागातली गुरंढोरं पटापट मेली. अशा वेळी बाहेरून पैसा लागतोच.

आता कोणी म्हणेल, आपल्याकडच्या बायका काय कमी आहेत का, केनिया कशाला? अहो, पंडिता रमाबाईंचं शारदा सदन 1889 मध्ये मुंबईत सुरू झालं ते कोणाच्या पैशावर? बोस्टनला 1887 साली रमाबाई असोसिएशन निघाली, तिथल्या लोकांनी दहा वर्षं पैसे द्यायचं कबूल केलं, तेव्हा आपल्या विधवांना शिकायला जागा मिळाली. त्यांनी 'आधी आमच्या गल्लीतलं बघू' म्हटलं असतं तर? आणि मला त्यातलं दहा वर्षं हेच महत्त्वाचं वाटतं. एकदा चेक द्यायचा, फोटो काढायचा, विसरायचं, असल्या मदतीने शिक्षकाचा पगार भागत नाही.

पैसे पाठवायचं म्हणाल तर वैयक्तिक देणगी बँकेतून एलआरएसखाली, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या परदेशी पैसे पाठवायच्या योजनेखाली, पाठवता येते, ए-टू फॉर्म भरावा लागतो, देणगीवरची आयकर सवलत मात्र मिळत नाही, ती आशा सोडा. ट्रस्ट म्हणून नोंदलेल्या मंडळांचं जरा अवघड आहे, भारताबाहेर खर्च केला की आयकराची सूट अडचणीत येते, त्यामुळे सीएला विचारल्याशिवाय उत्साहात काही करू नका. त्यापेक्षा नैरोबीत राहणाऱ्या मराठी मंडळींनी तिथूनच दागिने विकत घेऊन दिवाळीला वाटले तर सरळ बायकांच्या हातात पैसा जाईल. आणि मसाई मारा बघायला जाणाऱ्या आपल्या ग्रुप टूरवाल्यांनी उमोजाच्या साम्बुरू भागातही जावं, गावात एन्ट्री फी भरावी, फक्त घासाघीस करू नये प्लीज.

तुमच्या रविवार पुरवणीत या गावाबद्दल सविस्तर छापाल का? देणगी थेट गावाच्या खात्यात कशी जाईल, हिशेब कोण देतं, हे तुमच्या वार्ताहराने नीट विचारून घेतलं तर आमच्या सोसायटीतल्या आम्ही काही जणी दरवर्षी ठराविक रक्कम द्यायला तयार आहोत.

– एक वाचक, डोंबिवली