सफरचंदाची पहिली फवारणी डोळा पाहून करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सफरचंदावरील किडींचे सल्ले छापून येतात, त्यांत औषधांची नावे ठळक असतात. वेळ मात्र ‘हंगामाच्या सुरुवातीला’ एवढीच. खरे काम वेळेचे आहे, आणि ती तारखेने ठरत नाही, डोळ्याच्या, म्हणजे फांदीवरच्या कोंबाच्या, अवस्थेने ठरते.

खवले कीड आणि लाल कोळ्याची अंडी सालीवरच हिवाळा काढतात. खनिज तेल त्यांचा श्वास कोंडते. डोळ्यांची टोके हिरवी दिसल्यापासून पाने अर्धा इंच बाहेर येईपर्यंत २ टक्के, म्हणजे १०० लिटर पाण्यात २ लिटर तेल. कळ्यांचे घट्ट गुच्छ दिसू लागले की १ टक्का. उबायला आलेल्या अंड्यांचा श्वसनवेग वाढतो, त्यामुळे झाड गाढ सुप्तावस्थेत असताना मारलेले तेल कोळ्यावर कमी पडते. फवारा फांद्यांच्या बेचक्यांत आणि सालीच्या भेगांत पोहोचला पाहिजे. जिथे तेल लागले नाही, तिथली कीड वाचते.

टाकी सतत ढवळत ठेवा. ढवळणे थांबले की तेल वर तरंगते. सुरुवातीच्या झाडांवर नुसते पाणी पडते आणि शेवटच्या झाडांची पाने तेलाने करपतात. गोठवणाऱ्या थंडीच्या आधी-नंतर ४८ तास फवारू नका. गंधक किंवा कॅप्टान या बुरशीनाशकांच्यात आणि तेलात दोन आठवड्यांचे अंतर हवेच.

गुलाबी मावा कळ्या गुलाबी होईपर्यंतच आवरावा. पाने मुरडली की तो आत सुरक्षित राहतो, आणि त्याच्याजवळची फळे बारीक, वेडीवाकडी होतात.

फुलोऱ्यात कीटकनाशक अजिबात नको. पाकळ्या गळाल्यावर फवारायचे असेल तर आधी झाडाखालचे फुललेले तण कापा. मधमाश्या तिथेही येतात.

फळ पोखरणाऱ्या कॉडलिंग पतंगासाठी कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे) फुलोऱ्याआधीच झाडाच्या वरच्या एक-तृतीयांश भागात टांगावेत. पतंग सलग सापडू लागले, त्या दिवसापासून रोजच्या कमाल-किमान तापमानाच्या सरासरीतून १० अंश सेल्सिअस वजा करून बेरीज करत जावी. कमाल २२ आणि किमान १० असेल तर त्या दिवसाचे ६. बेरीज १४० च्या आसपास गेली की अंडी उबू लागतात; फवारणीची वेळ तीच. अळी फळात शिरल्यावर औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही.

आपल्या कृषी पानावर डोळ्याच्या या अवस्थांची छायाचित्रे सल्ल्याशेजारी छापावीत, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक बागायतदार वाचक