कम्युनिटी रेडिओला पूर्णवेळ कार्यक्रमप्रमुख हवा

संपादक महोदय,

13 फेब्रुवारीचा जागतिक रेडिओ दिन आला की कम्युनिटी रेडिओचं, म्हणजे कॉलेजं किंवा संस्था आपल्या परिसरासाठी चालवतात त्या छोट्या केंद्रांचं, कौतुक छापून येतं. स्टुडिओ, ट्रान्समीटर, माइकसमोरची मुलंमुली. काय, कधी आणि किती वेळ वाजणार हे ठरवणारी व्यक्ती, म्हणजे कार्यक्रमप्रमुख, त्यात सहसा दिसत नाही. अनेक ठिकाणी ते पद मुळात 'अतिरिक्त कार्यभार' असतं. कॉलेजला परवाना मिळाला की पत्रकारितेच्या किंवा मराठीच्या प्राध्यापकांच्या गळ्यात पडतं, तेही तास सांभाळून. श्रोत्यांच्या बहुतेक तक्रारींचं मूळ इथेच आहे.

सगळ्यात मोठी तक्रार शिळ्या माहितीची. छोट्या केंद्रावर रोजचं ताजं प्रसारण काही तासांचं, बाकी पुनःप्रसारण. त्यात गैर काही नाही. सकाळी रानात असलेला माणूस रात्री ऐकतो. पण '75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका' हा सल्ला ऑगस्टमध्ये, शेतकरी चक्री भुंग्याशी झगडत असताना वाजला, तर तो पुढच्या वेळी रेडिओ लावेल कशाला? पीकविम्याची मुदत संपल्यावर अर्ज करा म्हणून सांगणं तर त्याहून वाईट. उपाय बिनखर्चाचा आहे. ध्वनिमुद्रण साठवतानाच फाइलच्या नावात विषय, कालावधी आणि 'शेवटची प्रसारण तारीख' घालायची आणि दर आठवड्याला मुदत संपलेल्या फाइली यादीतून काढायच्या. पुन्हा वाजणार असलेल्या कार्यक्रमात 'उद्या', 'येत्या सोमवारी' असे शब्द येऊ द्यायचे नाहीत, तारीखच सांगायची. मुलाखतीतला हंगामी भाग सलग शेवटी घ्यावा, म्हणजे नंतर तेवढाच कापता येतो. मध्ये विखुरला की अख्खी मुलाखत टाकून द्यावी लागते.

दुसरी तक्रार गाणं मध्येच तोडण्याची. बोलणी निवेदक खातो, चूक वेळापत्रकाची असते. अर्ध्या तासाच्या जागेसाठी 30 मिनिटांचं ध्वनिमुद्रण घेतलं की संकेतधून, उद्घोषणा आणि जाहिरातीला जागा उरत नाही. 28 मिनिटं पुरेत. मराठी भाषण मिनिटाला साधारण 110 ते 120 शब्दांच्या गतीने कानाला बरं लागतं. दहा मिनिटांच्या भाषणाला फार तर 1200 शब्द, हे वक्त्याला निमंत्रणातच कळवावं. कम्युनिटी रेडिओला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्याच घ्याव्या लागतात. त्या थेट जोडायच्या असतील तर ती वेळ दगडावरची रेघ. मग हिशेब उलटा मांडायचा. बातम्या 7 वाजता, त्याआधी 20 सेकंदांची उद्घोषणा आणि गाणं 4 मिनिटं 10 सेकंदांचं, तर ते 6 वाजून 55 मिनिटं 30 सेकंदांनी सुरू झालंच पाहिजे. तोवर पाच-दहा सेकंद मागेपुढे होणारच, म्हणून गाण्याआधी दोन-तीन मिनिटांचं वाद्यसंगीत ठेवतात. त्यात शब्द नसतात, त्यामुळे आवाज कुठेही हळूहळू उतरवता येतो.

बाकीची कामं न दिसणारी. रात्री संगणक अडकून प्रसारण मुकं झालं तर फोन कोणाला जाणार, हे नावानिशी ठरलेलं असावं. प्रसारित झालेलं सगळं तीन महिने जपून ठेवणं नियमाने बंधनकारक आहे. तरीही डिस्क भरली म्हणून जुनं पुसलं जातं आणि तक्रार आल्यावर हाती पुरावा नसतो. 2024 पासून तासाला 7 ऐवजी 12 मिनिटं जाहिराती घेता येतात. ही वाढीव पाच मिनिटं मिळाली म्हणून कार्यक्रमांची लांबी कोणी नव्याने मोजली का? उत्पन्न वाढलंच, तर त्यातला पहिला खर्च कार्यक्रमप्रमुखाच्या पगारावर व्हावा, नव्या साउंड मिक्सरवर नको.

आपल्यालाही एक विनंती. पूर्वी वर्तमानपत्रांत आकाशवाणीचे रोजचे कार्यक्रम छापून येत. आपल्या जिल्हा पानावर स्थानिक कम्युनिटी रेडिओचं आठवड्याचं वेळापत्रक छापावं. छापायचं म्हटलं की ते आधी तयार करावं लागेल, आणि बदललं तर श्रोता जाब विचारेल.

– कम्युनिटी रेडिओच्या कामाशी संबंधित काही वाचक, सातारा